रविवारीही वाढणारा शेअर

"परवा संध्याकाळपर्यंत करून देते," तुफान म्हणाली, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

ऑफिसात सगळे तिला तुफानच म्हणायचे. साहेबांचं वाक्य संपायच्या आत तिचं काम संपलेलं असायचं. काम नेमकं कुठलं होतं, हा प्रश्न नंतर! शेअर बाजारात पैसे कुठे घालावेत याचा लोकांना सल्ला देणारं हे पाच खुर्च्यांचं ऑफिस. तुफान तिथे सहा महिने प्रोबेशनवर होती आणि येत्या शुक्रवारी तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरणार होतं. त्यामुळे ती त्या आठवड्यात जरा जास्तच जोरात वाहत होती.

झालं असं, की बाजाराने तीन महिन्यांपूर्वी एक नवीन प्रकारची ऑर्डर सुरू केली होती. छुपी ऑर्डर. म्हणजे एखाद्या बड्या असामीला लाखभर शेअर हवेत, पण दाखवायचे शंभर-शंभर करून, बाकीचे पोटात ठेवायचे. कुणाला वास लागायला नको! आता ऑर्डरच नवी आली म्हटल्यावर जुन्या व्यवहारांच्या फाईलींचा साचाही बदलणं आलं. एक कॉलम वाढला: ऑर्डर छुपी होती का, हो की नाही. बाजाराने तसं एक्केचाळीस पानी सर्क्युलर पाठवलं, गेल्या तीन महिन्यांच्या फाईली नव्या साच्यात पुन्हा पाठवल्या, आणि साचा समजावा म्हणून सोबत एक नमुना फाईल दिली.

साहेबांनी सर्क्युलर तळहातावर तोलून पाहिलं. त्यांचं वाचन ते तेवढंच. पण नवा कॉलम म्हणजे काय हे कळल्यावर त्यांचे डोळे लुकलुकायला लागले. बडी धेंडं गुपचूप काय गोळा करत होती ते आता आपल्याला मागाहून का होईना, दिसणार! म्हणजे त्यांच्या मागोमाग आपणही पंक्तीला बसायचं!

ऑफिसचे जुने कारकून म्हणजे तळटीपकाका. खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय हा माणूस खोकतसुद्धा नाही. त्यांनी दोन आठवडे मागितले. आधी वाचायला लागेल, म्हणाले. आणि त्यावर तुफान म्हणाली, परवा.

तिने चार पानं वाचली. पाचव्या पानावर आकृती होती, ती बघून म्हणाली "कळलं", आणि सर्क्युलर चहाच्या कपाखाली गेलं. सगळ्या फाईली तिने एकाच फोल्डरमध्ये ढकलल्या. नमुन्याचीही. नमुना असला म्हणून काय झालं, फाईल ती फाईल! मग तिने प्रोग्रॅम लिहिला: ज्या कंपनीत छुपी खरेदी सगळ्यात जास्त, तिचं नाव वर.

बुधवारी नाव वर आलं. झेडक्यूझेड.

साहेब खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. बाकीच्या कंपन्यांत छुपी खरेदी दोन टक्के, चार टक्के. इथे शंभर टक्के! एकूण एक ऑर्डर छुपी! आणि भाव? रोज बरोबर एकाने वर. दहावरून निघाला तो थेट शंभराच्या पुढे, एकही दिवस खाली नाही. आलेख असा, की शाळेतल्या पट्टीने आखलाय.

काका चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले. "रविवारीही वाढलाय," ते म्हणाले. "रविवारी बाजार बंद असतो."

"बघा म्हणजे," साहेब म्हणाले, "रविवारीसुद्धा यांना दम निघत नाही!"

काकांनी तोंड उघडलं, पण तोवर साहेबांनी मेव्हण्याला फोन लावला होता.

मेव्हणा म्हणजे ऑफिसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि सगळ्यात मोठं तोंड. त्याने ब्रोकरला विचारलं. ब्रोकर म्हणाला, असा शेअरच नाही. मेव्हण्याने ताडलं: ब्रोकर स्वतःसाठी दाबून ठेवतोय! कंपनीची वेबसाईट सापडेना, पत्ता सापडेना, मालकाचं नाव सापडेना. जितकं काही सापडेना, तितका साहेबांचा विश्वास बसत गेला. इतकी गुप्तता म्हणजे आत काहीतरी मोठंच असणार!

गुरुवारपर्यंत गावभर झालं. आणि मग सुरू झाली खरी गंमत, कारण ही कंपनी आपल्याला माहीत नाही असं म्हणायला कुणीच तयार होईना. मेव्हणा सांगायला लागला की तिच्या चेअरमनला तो एका लग्नात भेटलाय, अगदी साधा माणूस. न्हाव्याला कारखान्याचं गेट माहीत होतं. शेजारच्या दंतवैद्याने तर कहर केला! आपल्याकडे ते शेअर होतेच, पण चाळीसला विकून बसलो, म्हणून तो दात उपटता उपटता हळहळायचा, आणि तोंडात चिमटा असलेला पेशंटही "हं हं" करून हळहळायचा.

तुफान हवेत होती. शुक्रवारी सगळ्या गिऱ्हाइकांची सभा, त्यात साहेब झेडक्यूझेड जाहीर करणार, आणि लगेच तिचं पत्र!

गुरुवारी दुपारी काका आले आणि तिच्यासमोर सर्क्युलर ठेवून गेले. कपाचं वर्तुळ असलेलंच. सदतिसावं पान उघडं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात: नमुना फाईलमधली कंपनी, भाव आणि तारखा काल्पनिक आहेत.

तिने फाईल उघडून तारखांचा कॉलम पहिल्यांदा खालपर्यंत वाचला. शेवटच्या दिवशी झेडक्यूझेडने उच्चांक गाठला होता. शेवटचा दिवस होता तीस फेब्रुवारी.

बोलावं, तर नारळ. गप्प बसावं, तर लोक साठवलेलं सगळं घेऊन दारात उभे. शुक्रवारी सकाळी ती साहेबांना सांगायला गेली, तर ते आरशासमोर भाषण घोकत होते. आकडे नंतर, म्हणाले.

दुपारी दंतवैद्याच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्या आणून तीस माणसं बसली. साहेबांनी घसा खाकरला. आणि तुफान उभी राहिली.

"झेडक्यूझेड नावाची कंपनीच नाही," ती म्हणाली. "नमुन्याची फाईल होती. मी वाचलं नाही. चूक माझी आहे."

तिला वाटलं, आता आपल्याला फाडून खाणार.

"नाही कशी?" दंतवैद्य म्हणाला. "मी विकलेत ते शेअर."

"मग मी लग्नात भेटलो तो कोण?" मेव्हण्याने विचारलं आणि साहेबांकडे वळला. "दाजी, ही पोरगी सगळा माल स्वतःसाठी ठेवणारसं दिसतंय."

सगळ्यांना ते लगेच पटलं. तिने सर्क्युलरच्या शेवटच्या पानावरचा मदतीचा नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे एक बाई होत्या, बिस्किट खात असाव्यात.

"झेडक्यूझेड? ती मी बनवली," त्या म्हणाल्या. "एका दुपारी, जेवणानंतर. झोप येत होती, म्हणून रोज एक वाढवत गेले. का हो?"

दंतवैद्य खाली मान घालून म्हणाला, तो दुसऱ्या कंपनीबद्दल बोलत होता. मेव्हण्याला अचानक कुणाला तरी स्टेशनवर आणायला जायचं आठवलं. साहेब मात्र फोनजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "बाई, पुढची बनवाल तेव्हा जरा आधी कळवाल का?"

खुर्च्या परत गेल्या. तुफान आपला कप पिशवीत भरत होती, तेवढ्यात काका पाकीट घेऊन आले. साहेबांनी सांगितलं, मी टाईप केलं, म्हणाले. तिने उघडलं. "आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे."

कायम! तिने खाली सही ठोकली, काकांच्या पाया पडली आणि आईला फोन लावला. आई रडली. मावशीने फोन ओढून घेतला आणि सांगितलं, मला तर हे वर्षभरापूर्वीच माहीत होतं. नोकरी लागूनच सहा महिने झाले होते, पण आनंदात कोण हिशेब करतंय?

फोन ठेवला तरी काका तिथेच उभे.

"पोरी," ते म्हणाले, "पान उलट."

मागे, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात होतं: हे पत्र केवळ नमुना आहे. खरं पत्र सहा महिन्यांनी, सर्व सर्क्युलरं शेवटच्या पानापर्यंत वाचल्याची खात्री झाल्यावर.

तिने पान पुन्हा पुढे उलटलं. वर उजव्या कोपऱ्यात काकांनी तारीख अगदी ठळक टाईप केली होती. तीस फेब्रुवारी.