दाबू नका, टेकवा

दाढी करताना जाधव न्हाव्याला म्हणाला, "दाबू नका, टेकवा." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा न्हाव्यानं वस्तराच खाली ठेवला. हा अर्ध्या दाढीनं अख्ख्या घणसोली गावातून घरी आला, नि त्याला त्याचं काही नाही.

जाधव माझा भाडेकरू. मराठवाड्याकडचा, एकटा, कंपनीत पहिली पाळी. सोबतीला एक गिटार. तिच्या दांड्यावर धातूच्या आडव्या काड्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. ह्याच्या गिटारीच्या फ्रेट उंच. कॅपो नावाचा चिमटा हव्या त्या फ्रेटवर लावला की साऱ्या तारा एकदम दाबल्या जातात, गाणाऱ्याची पट्टी मिळते. पण फ्रेट उंच असल्या, नि चिमटा जरा घट्ट झाला, की तार खाली ताणली जाते आणि सूर चढतो. मी शिकलो चौथीपर्यंत. हे त्यानं रोज सांगितलं म्हणून कळलं.

चिमट्याचा स्क्रू तो केसाएवढा फिरवायचा, कान लावायचा, परत फिरवायचा. तेच वेड सगळीकडं. हात मिळवला तर नुसता टेकवायचा. पट्टा इतका सैल की पँट धरून चालायचा. माझी बायको हिरा म्हणायची, "येला नाडी तरी द्या कुनी."

हिरा लग्नांत धवले गायची. ती गेली, मागं एक कॅसेट राहिली. दुपारी खाडीचं वारं सुटतं, ऊन भिंतीवरनं हळूहळू सरकतं, तेव्हा मी ती लावायचो. डोळे मिटले की ती ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली.

एक दिवस भिंतीपलीकडनं टुंग टुंग सुरू झालं. तिच्या आवाजाच्या मागं मागं, बेसूर. चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी टेप चालू ठेवूनच उठलो, जाधवचं दार लाथेनं उघडलं.

"मेल्या मानसाची मस्करी करतोस? खोली खाली कर!"

"मस्करी नाही, काका. काकूंचा सूर शोधतोय. माझा चौथ्या फ्रेटवर जरा खाली राहतो, पाचव्यावर फार वर जातो. तुमचा टेप हळू फिरतो, म्हणून त्यांचा सूर दोन्हींच्या मधे पडतो."

"मंग खुंट्या पिल."

"तारा जुन्या आहेत, तुटतील."

मग त्यानं दात आवळून चौथ्यावरच्याच चिमट्याचा स्क्रू गच्च पिळला. तारा ताणल्या, सूर एवढासा वर सरकला. पलीकडं हिरा गातच होती. आता दोघं बरोबर चालले होते, एका वाटेनं.

मी दारातच खाली बसलो. "पन कशापायी रं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "काकू काम करताना गुणगुणायच्या. भिंतीतून ऐकू यायचं. माझ्या खोलीत दुसरं कोणी बोलत नाही, काका."

दुसऱ्या दिवशी मी टेपचं तोंड भिंतीकडं फिरवलं, आवाज वाढवून ठेवला, आणि त्याची पाळी सुटायची वाट बघत बसलो.