नागनाथअण्णांचा दुसरा पडदा

आमच्या सीमाभागातल्या मन्नाएखेळ्ळीत नागनाथअण्णांच्या दुकानात गेलात, तर नमस्काराआधी एक प्रश्न येतो, "हाललं का?" तुम्ही गोंधळता. अण्णा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवतात. "तितं बगा की. आत्ता हाललं का न्हाई? तुमचे डोळे चांगले हायेत."

अण्णा लग्नपत्रिका तयार करतात. आमच्याकडे नवरी मराठी, तर नवरदेवाचे मामा कन्नड, त्यामुळे पत्रिका दोन्ही भाषांत लागते. म्हणून अण्णांच्या टेबलावर पडदेही दोन. डावीकडच्यावर कन्नड, उजवीकडच्यावर मराठी. डावीकडचा गणपती ओढत उजवीकडे नेला की पत्रिका झाली. पण महिन्यापूर्वी डावीकडे नवा पडदा आला आणि गणपती मधेच अडखळू लागला. सोंड अलीकडे, पोट पलीकडे.

अण्णांचा स्वभाव मुळातच काळजीचा. दुकानाला कुलूप लावलं की ते ओढून बघतात, मग मला ओढायला लावतात. पडद्याचं खापर त्यांनी हायवेवरच्या ट्रकांवर फोडलं. टेबल हादरतं, म्हणून पडदा हादरतो, असं त्यांचं म्हणणं. माऊस हातात धरून ते रस्त्याकडे बघत बसत. "थांबा मास्तर, ती लारी जाऊ द्या." लारी जाई, मागून टँकर येई. नवरदेवाचे काका वैतागून चहाला निघून जात. टेबलाच्या पायांखाली टायरचे तुकडे आले, पडद्यांवर लिंबू-मिरची आली, तरी गणपती काही सुधारला नाही.

मी हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवतो आणि दुकानाच्या शेजारीच राहतो. अण्णांची घालमेल बघवेना, म्हणून एका रविवारी दुपारी खुर्ची ओढून बसलो. उजवीकडच्या जुन्या पडद्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढा व्हिडिओ चालू होता. गणपतीच्या नादात तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता. त्यात एक अंगण, एक बाज, आणि बाजेवर रुमाल बांधलेला म्हातारा, मान अर्धी वळवून थिजलेला.

"अण्णा, हा व्हिडिओ सारखा चालू असतो. त्याचाच भार पडतोय. बंद करू?"

अण्णांनी माझा हात धरला. "गणपती अडकू द्या मास्तर. ते बंद करू नका. माझा बाप हाय, तिकडं आमच्या गावाला, कोहिनूरला."

शेती सोडून अण्णांनी दुकान टाकलं, तेव्हापासून बापाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आई गेली, म्हातारा घरात एकटा उरला, तरी अबोला सुटला नाही. येळवशीच्या सणाला सारं गाव रानात जेवतं, तेव्हाही हे बापलेक एकाच झाडाखाली पाठीला पाठ करून जेवतात. शेवटी म्हशीवर नजर ठेवायला म्हणून अण्णांनी अंगणात कॅमेरा बसवला. म्हैस गेल्या महिन्यात विकली. कॅमेरा काढायचं दोघांनीही नाव काढलं नाही.

"आदी सरळ दिसायचं," अण्णा म्हणाले. "आता मधीच थांबायलंय. चित्र थांबलंय का बाप थांबलाय, कसं कळावं? फोन केला तर उचलत न्हाई. तुमाला सगळ्यास्नी कामून विचारायलोय मंग, हाललं का म्हणून?"

मला एकदम वाईट वाटलं. आम्ही सगळे इतके दिवस गणपतीकडेच बघून उत्तर देत होतो.

दोष साधा होता. नवा पडदा चित्र भराभर बदलत होता, जुना सावकाश, आणि दोघांचा मेळ बसत नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन मी दोघांचा वेग सारखा केला. पण त्यासाठी कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करणं भाग होतं. दोन्ही पडदे काळे झाले. अण्णा उठले, बसले, उघड्या दुकानाचं कुलूप ओढून आले.

चित्र आलं तेव्हा बाज रिकामी होती.

"कुटं गेला?" अण्णांनी पडदा दोन्ही हातांनी धरला. मी लिंबू-मिरचीला मनातल्या मनात हात जोडले.

मग दारातून म्हातारा ताट घेऊन आला. एकेक पाऊल न अडखळता दिसत होतं. बाजेवर बसून त्याने सावकाश भाकरी खाल्ली. जेवण झाल्यावर रिकामं ताट उचलून कॅमेऱ्याकडे तिरकं धरलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि मग खाली ठेवलं. आधीच्या अडखळत्या चित्रात ताट हातात दिसायचं आणि एकदम जमिनीवर. मधलं सगळं गळून जात होतं.

"हे कवापासनं करायलाय?" अण्णांनी विचारलं, आणि आपणच उत्तर दिलं, "म्हस विकल्यापासनं असंल."

त्यांचा डबा सकाळपासून तसाच पडला होता. तो त्यांनी उघडला, पडद्याकडे तोंड करून जेवले आणि रिकामा डबा पडद्यासमोर तिरका धरला.

"अण्णा, तिकडून त्यांना दिसत नाही," मी म्हणालो.

"ठाव हाय," ते म्हणाले, पण डबा खाली घेतला नाही. बाहेर एक लारी चालली होती, टेबल चांगलंच हादरत होतं, आणि अण्णांचं तिकडे लक्षही नव्हतं.