अजायब खाना

"आमच्या मामाला एका संध्याकाळीत गार करतो की नाही बघा!" असं मी बीडच्या शाळेत सगळ्यांना छातीठोक सांगून ठेवलं होतं. मामा म्हणजे वडवणीचा आप्पाराव. वडील गेल्यापासून माझ्या शिक्षणाची दोरी त्याच्या हातात. भाच्याला शाळेत ठेवायचं की औतामागं धाडायचं, हे ठरवायलाच तो येत होता.

निजामाच्या राज्यात उर्दू येणाऱ्याला कचेरीत खुर्ची, आणि उर्दू तर मी खडखडा वाचायचो! गावातल्या एका निवृत्त साहेबांनी बंगल्यातली चित्रं, मूर्ती लोकांना संध्याकाळी बघायला खुली केली होती. फाटकावर उर्दू पाटी, 'अजायबखाना', म्हणजे संग्रहालय. ती वाचून दाखवली की मामा चीत!

म्हणून निरोप धाडला, "सांजच्याला अजायबखान्यात नेतो. तृप्त व्हाल!"

मामा तांब्या घेऊन आला. चित्रांवरून नजरही न फिरवता म्हणाला, "पंगत कुठं हाय?"

मला वाटलं, थट्टा! मी हसलो. तेवढ्यात त्याला टेबलावर रंगवलेल्या मातीच्या फळांचं ताट दिसलं. मामानं तिथंच मांडी ठोकली आणि पेरू उचलला.

दरबान धावला. "हाथ मत लगाओ!"

"हात न लावता जेवू कसा बे?" मामा गरजला आणि चावला.

कर्रकन आवाज आला! पेरूचा तुकडा आणि मामाचा दात एकदमच तळहातावर पडले.

"मातीचं हाय! सकाळधरनं पोट रिकामं ठिवलं, अन् माती चारता?"

"कावून उपाशी राहिलाव?" मी विचारलं.

"तूच अजायब खाना म्हणलास! लईच अजायब हाय!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मामा, खाना म्हणजे जागा! दवाखान्यात काय दवा जेवता का?"

"मग? दवाखान्यात दवाच खातेत!"

"अन् कैदखान्यात?"

"तिथं बी दोन वखताला भाकर देतेत. हितं त्ये बी न्हाई!"

दरबानानं आम्हा दोघांना मानगूट धरून बाहेर काढलं.

सकाळी मामा गाल धरून शाळेत हजर! "मास्तर, ह्याला साधं 'खाना' कळंना. पार पहिल्यापासून शिकवा." माझ्या फुशारक्यांना मास्तर आधीच वैतागले होते. त्यांनी आनंदानं मला बिगारीतल्या पोरांत बसवलं. मी! मामा दारात उभा.

"बोल, अलिफ!" मास्तरांनी फर्मावलं.

"अलिफ," मी दातओठ खात म्हणालो.

"आगे?"

"बे!" मी ओरडलो.

उर्दूतलं दुसरं अक्षर आहे हो ते! पण मामाचे डोळे लाल झाले. "मास्तरला बे म्हणतो?" त्यानं माझा कान धरला तो वडवणीच्या शिवारात नेऊनच सोडला.

आता मी औत हाकतो. राग जिरत नाही म्हणून बैलांची नावं अलिफ आणि बे ठेवलीत. अलिफ हाकेसरशी येतो. दुसरा मात्र शिंग रोखून बघतो. त्यालाही ती शिवीच वाटत असावी!