शाबास म्हणेपर्यंत

कोडिंग शिकवायला कॉम्प्युटर लागत नाही, एक चांगली गोष्ट लागते! हे वाक्य मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ठणकावून म्हटलं. कॉम्प्युटरच्या सरांचा चहा कपातच राहिला. घरी येऊन तेच वाक्य नवऱ्याला ऐकवलं.

"अगं, पण तुला मोबाइलचा पासवर्ड आठवत नाही," तो म्हणाला.

"पासवर्ड वेगळा आणि विचार वेगळा!" मी म्हटलं आणि विषय संपवला.

आता एवढा ताव का, तर सरांचा डोळा माझ्या लायब्ररीवर होता. खोली मोठी, उजेड छान, शिवाय प्लगही भरपूर. पुस्तकं कपाटांत बंद करायची, कपाटं जिन्याखाली ढकलायची आणि खोलीत कॉम्प्युटर मांडायचे, असा त्यांचा बेत. माझी रवानगी ऑफिसात, फायलींना दोरे बांधायला! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी, दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारी तिसरीचा तुमचा तास बघते. मग ठरवते."

मोठ्या बाईंबद्दल एक सांगून ठेवते. बाई शिस्तीच्या, न्यायी, पण तोंडातून कौतुकाचा शब्द निघायचा नाही. मुलगा पहिला आला तरी "ठीक आहे." शाळेने ढाल जिंकून आणली, "बरं. पुसून ठेवा." हे मला माहीत होतं, अख्ख्या शाळेला माहीत होतं. नेमकं शुक्रवारी माझ्या डोक्यातून गेलं!

तास सुरू झाला. मोठ्या बाई मागच्या खुर्चीत, शेजारी सर. मी आज्ञाधारक राक्षसाची गोष्ट सांगितली. हा राक्षस सांगितलेलं काम तंतोतंत करतो, स्वतःचं डोकं अजिबात चालवत नाही. राजा त्याला म्हणतो, "मी पुरे म्हणेपर्यंत हौदात पाणी ओत," आणि जाऊन झोपतो. सकाळी राजाचा पलंग पोहत पोहत वेशीबाहेर! मुलं हसून हसून लोळली.

"मग काय शिकलो?" मी विचारलं.

"काम थांबवायची अट नीट घालायची!" सगळा वर्ग ओरडला.

मी सरांकडे असं बघितलं, की बघा! तिथेच थांबायला हवं होतं. पण अंगात आलं होतं ना!

"आता तुम्ही सगळे राक्षस," मी म्हटलं आणि फळ्यावर लिहिलं: कपाटातून एक पुस्तक घ्या. टेबलावर ठेवा. मोठ्या बाई शाबास म्हणेपर्यंत हेच करत राहा.

माझा हिशेब सरळ होता. मुलं शिस्तीत पुस्तकं आणतील, बाई खूश होतील, शाबास म्हणतील, टाळ्या, तास संपला, लायब्ररी वाचली!

पहिल्या बाकावर आमची शंकासुर बसते. दोन वेण्या, चष्मा आणि प्रश्नांचं पोतं. तिचा हात वर. "बाई, टेबल भरलं तर?"

"जिथे सपाट जागा दिसेल तिथे ठेवा."

"कपाट रिकामं झालं तर?"

"तर पुढचं कपाट!"

"बाई, आणि मोठ्या बाई शाबास..."

"पुरे गं बाई! चला राक्षसांनो, सुरू!"

तिचा तो अर्धा प्रश्न मला पुढे फार महागात पडला.

मुलं सुटली. टेबल भरलं. मी मोठ्या बाईंकडे बघून हसले. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

ती ढाल मला आत्ता आठवली!

खिडक्या भरल्या, बाकं भरली, जमीन भरली. एकाने सरांची मांडी सपाट आहे असं ठरवून तिच्यावर ज्ञानकोश ठेवला. त्याच्या मागचा मुलगा सरांच्या टकलाकडे विचारपूर्वक बघत होता. "अरे, नाही! ते गोल आहे!" मी ओरडले.

"मुलांनो, शाबास! झालं! थांबा!" मी टाळ्या वाजवल्या.

"तुम्ही नाही बाई, मोठ्या बाईंनी म्हणायचं!" राक्षस हातातल्या पुस्तकासकट पुढे निघून गेला.

"थांबा म्हणते ना मी!" आता मोठ्या बाई कडाडल्या. एरवी या आवाजाला मैदानावरचा चेंडूसुद्धा थांबतो. पण राक्षसांचं लक्ष फळ्यावर! सर तर ज्ञानकोशाखालून आनंदाने म्हणाले, "मॅडम, याला कधीच न संपणारा लूप म्हणतात. आम्ही हा चौथीत शिकवतो. चूक म्हणून!"

तेवढ्यात लायब्ररीची कपाटं संपली आणि रांग दाराबाहेर वळली. पुढचं कपाट म्हणजे शेजारच्या खोलीतलं. शेजारची खोली मोठ्या बाईंची! मी धावले, माझ्यामागे मोठ्या बाई, त्यांच्यामागे शिपाईकाका. दारातच एक राक्षस हातात पुस्तक घेऊन समोर आला. राग आवरण्याचे सोपे उपाय, असं काहीतरी नाव होतं. खूण पहिल्याच पानावर होती.

मी छताकडे बघितलं. शिपाईकाकांनीही छताकडे बघितलं.

"बाई," मी हात जोडले, "एकदा शाबास म्हणा. फक्त एकदा!"

"कशाबद्दल?" बाईंचा आवाज थंडगार. "शाळेचा उकिरडा केल्याबद्दल? काही केल्याशिवाय मी कुणाला शाबासकी दिलेली नाही आणि देणार नाही."

संपलं! मला जिन्याखालची कपाटं दिसायला लागली. ऑफिसातल्या फायली दिसल्या, दोरे दिसले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. ज्या खोलीत मी पोरांना गोष्टी सांगितल्या, ती माझ्याच गोष्टीने घालवली होती.

इतक्यात शंकासुर दोन्ही हातांत एक जाड पुस्तक घेऊन आली. मोठ्या बाईंनी तिला अडवलं. "तू तरी शहाणी आहेस ना? का थांबत नाहीस?"

"अट पूर्ण झाली नाही ना बाई," ती म्हणाली. "आणि होणारच नाही. लायब्ररीच्या बाईंनी अट चुकीची घातलीय. आधी बघायला हवं होतं, की ही गोष्ट कधी घडते तरी का."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही शाबास कधी म्हणतच नाही. ताईला नाही म्हणालात, ती पहिली आली होती तरी. बाबा पण याच शाळेत होते. त्यांना पण नाही. ते अजून आठवण काढतात."

शिपाईकाकांनी डोळे मिटून घेतले. मोठ्या बाईंनी त्या दोन वेण्यांकडे बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एवढ्या गोंधळात चूक नेमकी कुठे आहे, हे तू शोधलंस," त्या हळूच म्हणाल्या. घसा खाकरला. "शाबास."

धप्प! सगळ्या तिसरीने जागच्या जागी हातातली पुस्तकं सोडली.

मी जो काही सुटकेचा निःश्वास टाकला म्हणता! मी शंकासुराला उचलूनच घेतलं, जाड पुस्तकासकट. तेवढं पुस्तक मात्र तिने सोडलं नव्हतं, कारण गोष्ट अर्धी वाचून झाली होती.

ज्ञानकोश हातात घेऊन सरही मागोमाग आले होते. मोठ्या बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमच्या चौथीतला कुणी अशी चूक शोधेल?"

सर ज्ञानकोश चाळू लागले.

"लायब्ररी आहे तिथेच राहील," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि हे सगळं आजच्या आज जागेवर लागलं पाहिजे."

घंटा झाली आणि माझे राक्षस दप्तरं घेऊन पसार! उरले मी. पण तक्रार कसली? आनंदाने गुणगुणत एकेक पुस्तक पुसलं, लावलं. नवऱ्याचा फोन आला, "कधी येतेस?" म्हटलं, "पुस्तकं संपेपर्यंत." यावेळी अट चोख होती!

शेवटचं पुस्तक लावलं आणि दारात मोठ्या बाई उभ्या. त्यांनी सगळ्या कपाटांवरून नजर फिरवली. मी ताठ उभी राहिले. आज तोंड उघडलंच आहे, म्हटलं, माझाही नंबर लागेल!

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

काय करणार! मी कपाटातून एक पुस्तक घेतलं आणि टेबलावर ठेवलं.