जमिनीचं रिक्त पद

वाघोशी नगरपरिषदेच्या व्यायामशाळेची जमीन एकतीस मे रोजी वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करून सेवानिवृत्त झाली. तिला शाल आणि नारळ देण्यात आला. मुख्याधिकारी कुलथे मॅडम दोन शब्द बोलल्या. आस्थापना विभागाचा लिपिक म्हणून तिचं सेवापुस्तक मीच बंद केलं. कोबा टाकला तो दिवस जन्मतारीख धरलेला होता आणि तेव्हापासून एकही रजा नव्हती. असं सेवापुस्तक मी दुसरं पाहिलं नाही, माझं तर नाहीच नाही.

एक जूनपासून जमीन हलू लागली. होती ती जागेवरच, पण स्थिर राहणं हे आता तिचं काम नव्हतं.

याचा फटका पूर्वा तराळला बसला. पूर्वा वजन उचलायची. नगरपरिषदेत खेळाडूंसाठी राखीव अशी एक जागा निघाली होती. ऑगस्टमध्ये याच व्यायामशाळेत चाचणी होती आणि पंचाण्णव किलो डोक्यावर घ्यायचे होते. पूर्वा एकोणतीस वर्षांची. पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. मे महिन्यात तिने ब्याण्णव उचलले होते. जूनमध्ये साठ उचलताना ती कोलमडली.

"माझी ताकद गेली सर," ती म्हणाली.

"ताकद कुठं जातीया?" सावर्डेकर सर म्हणाले. वीस वर्षं ते तिथे शिकवत होते. "सगळी उभं राहण्यातच संपतीया. वर ढकलायला उरतंय काय?"

सरांनी जमिनीचं पद तातडीने भरण्याचा अर्ज केला. मॅडमनी तज्ज्ञांचं मत मागवलं. हलत्या जमिनीवर घोट्याचे आणि कमरेचे बारीक स्नायू जास्त काम करतात, त्यामुळे ती प्रकृतीस हितकारकच आहे, असं मत आलं. अर्ज निकाली निघाला. सरांनी शाळेच्या पटांगणाला विचारून पाहिलं. त्याने आपली सेवाशर्त दाखवली. त्यात वजन नव्हतं, फक्त प्रार्थना आणि लंगडी होती.

जुलैत सर माझ्या टेबलापाशी आले. "भाऊसाहेब, जमिनीचा अतिरिक्त कार्यभार मला मिळंल का?"

मी नियम पाहिला. मिळत होता. आदेश मीच टाइप केला.

सर व्यायामशाळेच्या मधोमध पालथे झोपले. अतिरिक्त कार्यभार असल्याने त्यांच्या पाठीएवढीच जमीन स्थिर झाली. आमच्याकडे आत शिरताना जमिनीला हात लावून तो कपाळाला लावतात. पूर्वाने सरांच्या पाठीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि चप्पल काढून वर चढली.

पहिल्याच दिवशी ऐंशी गेले. दहा दिवसांत नव्वद. अडचण वजन खाली ठेवण्याची होती. एरवी उचलून झालं की खेळाडू वजन सरळ सोडून देतो. इथे बाजूच्या हलत्या जमिनीत वजनाच्या चकत्या रुतत आणि दांडा थेट सरांच्या मानेवर येई. पूर्वा प्रत्येक वजन इंचाइंचाने खाली आणी. सर चिडत. "वर घ्यायचं बघ. खालचं माझं मी बघतो."

चाचणीला तीन जणांची समिती आली. पूर्वाने पंचाण्णव खांद्यावर घेतले, गुडघे वाकवले आणि डोक्यावर नेले. सरांच्या बरगडीतून आलेला आवाज मला ऐकू आला. तिलाही आला असणार.

"ठीक. खाली," अध्यक्ष म्हणाले.

पूर्वा उभीच.

"अहो, टाका खाली."

"कुठं टाकू?"

"जमिनीवर."

"जमीन सर आहेत."

अध्यक्षांनी नियमावली चाळली. सरांच्या बाबतीत तीत काही नव्हतं. "टाक गं पोरी," सर खालून म्हणाले, आणि पूर्वाने वजन छातीपर्यंत आणलं. मग मांडीपर्यंत. तिचं डावं मनगट फिरलेलं सगळ्यांना दिसत होतं. तिने दांडा सरांच्या मानेवर असा ठेवला, की सरांनी मानसुद्धा हलवली नाही. समितीने बराच वेळ लिहून घेतलं.

शेरा माझ्याकडे आला: 'भार असूनही शेवटपर्यंत स्थिर. पदास अत्यंत योग्य.' जाहिरातीत पदाचं नाव नव्हतं. नगरपरिषदेत रिक्त पद एकच होतं, आणि ते कोणतं हे मला जूनपासून ठाऊक होतं. मी बोलायला हवं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून बोललो नाही.

नेमणुकीचा आदेश मी स्वतः नेऊन दिला. पूर्वाने तो उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"कायम आहे का, भाऊसाहेब?"

"कायम आहे. अठ्ठावन्नपर्यंत."

"म्हणजे अजून एकोणतीस वर्षं."

"हो."

पहिल्या तारखेला सर कार्यमुक्त झाले. त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं, तरी कंबर सरळ झाली नाही. त्यांच्या जागेवर पूर्वा पालथी झोपली, बांधलेलं मनगट पोटाखाली घेऊन. पद नियमित असल्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी जमीन स्थिर झाली. हजेरीपटावर तिची सही घ्यायला मी खाली वाकलो.

दुसऱ्या दिवशी सर नव्या मुलींची तुकडी घेऊन आले. दारात थांबले. वाकलेलेच होते, त्यामुळे त्यांचा हात सहज जमिनीला पोचला. तो त्यांनी कपाळाला लावला, आणि मुलींना चपला काढायला सांगितल्या.