सात नंबरवरचं गळकं घर

अँब्रोज कीपिंगच्या स्वयंपाकघराचं छप्पर नेमकं त्याच्या बायकोच्या, फिलोमिनाच्या, पाठ टेकायच्या बाकावर गळायचं. चाळीस वर्षं तिनं तिथं बादली लावली. एक्केचाळिसाव्या वर्षी तिनं ती बादली नवऱ्याच्या हातात दिली, बॅग भरली आणि खाडीपलीकडे बहिणीकडे निघून गेली. "गळती थांबली की कळव," एवढंच म्हणाली.

अँब्रोजनं लगेच शिडी लावली. पण न्यूफाउंडलंडच्या त्या टीचभर मच्छीमार गावात चांगल्या कामाला विघ्न यायला वेळ लागत नाही. तो वर चढतो न चढतो तोच टपाल आलं. राजधानीत बसून कुणीतरी त्याच्या घराला वारसा ठरवलं होतं. सोबत पितळी पाटी आणि ताकीद: 'प्लॉट क्रमांक सात. या जागेवरील वास्तूत फेरफार करू नये. दुरुस्तीचे अर्ज समितीपुढे येतील. समिती अद्याप स्थापन व्हायची आहे.'

"म्हणजे गळतीसुद्धा वारसा?" अँब्रोजनं फोन करून विचारलं.

"नोंदीत आहे ना," पलीकडून वारसा खात्याच्या मिस प्रिचर्ड अदबीनं म्हणाल्या. "गळती, एक. बादली, एक."

घर खायला उठलं. अँब्रोज सवयीनं दोन कप चहा करायचा आणि दुसरा बादलीत ओतायचा. त्याची ही दशा शेजारच्या लिअँडरला बघवेना. त्यानं पत्र तीनदा वाचलं.

"अरे, हे सात नंबर म्हणतायत. शेजारचा आठ नंबर कुणाचा?"

"माझाच. बटाटे लावलेत."

"मग काढ बटाटे!"

त्या गावात घर हलवायचं म्हणजे सामान हलवत नाहीत, घरच हलवतात. आजोबांच्या पिढीनं तर अख्खी घरं समुद्रावरून तरंगवत आणली होती. दोर बांधले, खाली ओंडके सारले, गावची सत्तावीसच्या सत्तावीस माणसं दोराला लागली. लिअँडर पुढं उभा राहून गाणं सांगू लागला. चुलीवर वाटाण्याचं सूप रटरटत होतं, ते कुणी उतरवलं नाही. उतरवलं असतं तर थेंबही न सांडता घरं ओढणाऱ्या वाडवडिलांची अब्रू गेली असती. दुपारी घर आठ नंबरवर होतं आणि संध्याकाळी छपरावर नवे पत्रे. दुसऱ्या दिवशी फिलोमिना आली, बाकावर आडवी झाली, वर बघत म्हणाली, "आत्ता कसं!"

तीन आठवड्यांनी मिस प्रिचर्ड पाहणीला उगवल्या. सात नंबरवर पितळी पाटी होती आणि तिच्यामागं नुसतं गवत.

"काका, घर कुठंय?"

"तिथं फेरफार काही नाही केला, बाई," अँब्रोज घाम पुसत म्हणाला. "तसंच्या तसं ओढून नेलं."

"कशानं?"

"माणसांनी. दोरानं. गाणं म्हणत."

मिस प्रिचर्ड मटकन कुंपणावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन वर्षं शोधतेय हो मी ही परंपरा! कुठं जिवंतच सापडेना!"

महिन्याभरात दुसरं पत्र आलं. घर ओढणं हा 'जिवंत वारसा' झाला होता. दर जुलैला तो मूळ क्रमानं साजरा व्हायचा होता: घर सात नंबरवर आणणे, जुने छप्पर चढवणे, गळती, बादली, पत्नीने रुसून बहिणीकडे जाणे, घर ओढणे, पत्नीचे परतणे. पत्नीचा प्रवासखर्च सरकारचा. तळाशी टीप: 'रुसवा अस्सल असावा.'

"खुळे आहेत का हे?" अँब्रोज ओरडला. "जमणार नाही म्हणून कळव त्यांना, फिलोमिना!"

फिलोमिना बॅग भरत होती.

"अगं, जुलैला दहा महिने आहेत अजून!"

"सराव नको? आणि खोटं रुसलेलं चालणार नाही म्हणतायत. काहीतरी लागेलसं बोल बघू."

अँब्रोज बिचारा जन्मात बायकोला टोचून बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, "तुझ्या बहिणीचं सूप तुझ्यापेक्षा चांगलं होतं."

बॅगेच्या चेनवर फिलोमिनाचा हात थांबला.

"तिचं सूप तू कधी प्यायलास?"

तो रुसवा थेट पुढच्या जुलैपर्यंत टिकला. मिस प्रिचर्ड यांच्या अहवालात त्याच्यापुढं शेरा आहे: 'अत्यंत अस्सल.'