मंदा शेलारची चाळीस मिनिटं

कॉलेजचा खो-खो विभाग बंद पडू नये म्हणून माजी विद्यार्थ्यांकडून पळणं गोळा करत होते, आणि शनिवारच्या मुदतीला अजून पाऊण तासाचं पळणं कमी पडत होतं.

"मंदाताई, तुमच्याकडं किती शिल्लक आहे?" गुजर सरांनी पावतीपुस्तक उघडलं. खो-खोचा संघ सरच घडवत.

"चाळीस मिनिटं."

हे पळणं मंदा शेलारनं भूकंपासाठी राखून ठेवलं होतं. धरणाजवळच्या त्या गावात सगळेच थोडंफार राखून ठेवत. मांडणीतली भांडी वाजली की जिना उतरून मोकळ्यावर यायला हवं. पोस्टातल्या एकतीस वर्षांत तिनं एकदाही धावत जाऊन एसटी पकडली नव्हती.

"सक्ती नाही," सर म्हणाले. "पण व्हॉलीबॉलचं तुम्ही पाहिलंत."

पाहिलं होतं. मार्चमध्ये तो विभाग बंद झाला तेव्हा सराव चालू होता. सहा मुली अजून जाळीपाशी माना वर करून उभ्या होत्या. त्यांच्या आया सकाळी येऊन वेण्या घालून जात. कॉलेजनं वर पत्रा टाकून दिला होता.

खो-खोच्या संघात मंदाच्या भावाची तेजल होती. मंदानं सही केली. पाय तिथल्या तिथे जड झाले.

"माझी शेवटची पाच घालतो, म्हणजे झालं," सर म्हणाले.

शनिवारी विभाग वाचला. त्याच दुपारी सामना ठेवला. आत्याची चाळीस मिनिटं तेजलला दिली होती. घरातलं पळणं अंगी लवकर लागतं, असं सरांचं मत होतं.

खो मिळाला तशी तेजल उठून पळाली. ते खेळाडूचं पळणं नव्हतं. पोरीनं एक हात डोक्यावर धरला होता. ती मागं वळून वर बघत होती, पडणाऱ्या भिंतीकडं बघावं तसं. शिट्टी झाली. तेजल थांबली नाही. ती फाटकातून बाहेर गेली.

"सर, धरा तिला!"

"मला आता पळता येत नाही, ताई." सरांनी घड्याळ पाहिलं. "तिची अजून छत्तीस मिनिटं आहेत. मधे थांबवायची सोय नाही."

"पण ती एवढी घाबरलीय कशाला?"

"ते तुम्हालाच ठाऊक. पळणं तुमचं आहे."

मंदा पाण्याची बाटली घेऊन निघाली. होईल तितक्या भराभर ती चालत होती. पंक्चरवाल्यानं न विचारताच घाटाकडं बोट दाखवलं. त्याच्या हातात त्याचं तान्हं मूल होतं.

"सगळ्यांना बाहेर या म्हणून ओरडत गेली," तो म्हणाला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती. कुणाच्या हाताला पीठ होतं, कुणाच्या तोंडाला साबण. सगळे आपापल्या घराकडं बघत होते, आणि आत कुणीच जात नव्हतं.